पाण्याचा वाटा आधी, पाणी मागाहून
सातारा व सांगली जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यातील साधनसुरक्षेचा विचार

विद्यापीठांच्या व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या व्याख्यानपीठांवरून अलीकडे 'साधनसुरक्षा' हा शब्द वारंवार ऐकू येतो. पर्यावरण अभियंते ह्या विषयावर बोलताना पाणी, माती, ऊर्जा व अन्न ह्या साधनांचा एकत्र विचार करतात. साधन किती आहे, ते कोठून येते, गरजेच्या वेळी मिळते की नाही आणि ते कोणाकोणाला मिळते, अशा चार प्रश्नांत हा सारा विषय सामावलेला आहे. ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर साधन विपुल असूनही समाज सुरक्षित नसतो, असे ह्या विचाराचे सार आहे.

शब्द नवा असला तरी विचार शेतकऱ्यास नवा नाही. सांगलीजवळ हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे प्रसिद्ध आहेत. पेवात माल टाकताना तो कोणाचा आणि किती, ह्याची नोंद व्यापारी ठेवतोच. नोंदीवाचून पेवाचे तोंड बंद करणारा व्यापारी आढळणार नाही. आपल्या गावाखालील खडकात साठणारे पाणी हेही एक पेवच होय. परंतु ह्या पेवात दरवर्षी किती भर पडली, कोणी किती काढले आणि पुढील पावसापर्यंत किती उरले पाहिजे, ह्याची नोंद किती गावांत ठेवली जाते? ज्या मालावर गावाचे जीवन अवलंबून आहे, त्याचीच वही कोरी असावी, ही चिंतेची गोष्ट आहे. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांच्या अनुभवावरून ह्याच वहीचा विचार करावयाचा आहे.

एका खोऱ्याची दोन टोके

कृष्णा नदीचा उगम महाबळेश्वरी होतो. तेथे वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सरकत गेल्यास सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पावसाचे मान झपाट्याने घटत जाते आणि माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ व जत ह्या तालुक्यांच्या बऱ्याच भागांत ते पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कोठे कोठे त्याहूनही खाली येते. हा पाऊसही नियमित नसतो. जूनमध्ये तोंड दाखवून तो दडी मारतो आणि सप्टेंबरमध्ये चार-सहा सरींत वर्षाची भरपाई करू पाहतो. ज्या पट्ट्यास आपण माणदेश म्हणतो, त्याची शेती ह्या परतीच्या पावसावर आणि रब्बी ज्वारीवर उभी राहिली, ती ह्याच कारणाने.

ह्या दोन टोकांचा विरोध २०१९ साली फार ठळकपणे दिसला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माण, आटपाडी, जत ह्या भागांत पिण्याचे पाणी टँकरने पुरवावे लागत होते व जनावरे चारा छावण्यांत होती. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, कृष्णेच्या पुराने सांगली शहर व नदीकाठची गावे वेढली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. एकाच जिल्ह्याच्या पश्चिमेस घरे पाण्यात आणि पूर्वेस विहिरींचे तळ उघडे, असे हे चित्र होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खोऱ्यात पाणी नाही, असे म्हणता येत नाही. प्रश्न आहे तो पाण्याचे ठिकाण, वेळ आणि वाटणी ह्यांचा.

मजुरी मिळाली; पाणी कोणास मिळाले?

दुष्काळावर उपाय करण्याची परंपरा ह्या भागात जुनी आहे. रोजगार हमीच्या कल्पनेचे जनक वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातील विसापूरचे. त्यांच्या प्रेरणेने १९६५ साली तासगाव तालुक्यात ह्या कल्पनेचा प्रयोग झाला आणि १९७२ च्या भीषण दुष्काळात तिचे महत्त्व सर्व राज्यास पटले. त्या काळात लक्षावधी हातांनी पाझर तलाव, नालाबांध व रस्ते उभे केले. उपासमार टळली, हे ह्या कामाचे यश कोणीही नाकारणार नाही.

परंतु कामाच्या पुढच्या टप्प्याकडे पाहिले असता एक उणीव दिसते. पाझर तलावाचे पाणी तलावाखालच्या विहिरींना उतरते. ज्याची जमीन व विहीर तलावाखाली, त्यास पाणी मिळाले. ज्याने उन्हात माती वाहिली, परंतु ज्यास जमीन नव्हती किंवा असलेली जमीन माळावर होती, त्यास मजुरीखेरीज काही मिळाले नाही. पुढल्या दुष्काळात तो पुन्हा त्याच कामावर हजर झाला. साधन निर्माण झाले, परंतु त्याचा वाटा ठरला नव्हता. म्हणून सुरक्षा काहींच्या वाट्यास आली आणि बाकीचे पूर्वीप्रमाणेच आभाळाकडे पाहत राहिले.

अभियंत्यांनी मांडलेला विचार

ही उणीव ओळखून तिच्यावर उपाय सुचविणाऱ्यांत दोन अभियंत्यांची नावे अगत्याने घेतली पाहिजेत. पहिले विलासराव साळुंखे. पुण्यात स्वतःचा कारखाना चालविणाऱ्या ह्या अभियंत्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला आणि पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे, 'पाणी पंचायत' ही पद्धत उभी केली. तिचे नियम थोडे व स्पष्ट होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावे. दर माणशी अर्ध्या एकरास पुरेल इतके आणि एका कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकरांस पुरेल इतके. भूमिहीनासही पाण्याचा वाटा असावा. उसासारखे बारमाही, अति पाणी पिणारे पीक ह्या पाण्यावर घेऊ नये. योजनेच्या खर्चाचा काही भाग लाभार्थींनी स्वतः उचलावा. नियम आधी आणि पाणी मागाहून, हा ह्या पद्धतीचा विशेष होय.

दुसरे नाव मुंबईचे स्थापत्य अभियंता के. आर. दात्ये ह्यांचे. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. १९८२ साली मुंबईतील गिरणी संप सुरू झाला आणि ह्या भागातील पुष्कळ कामगार गावी परतले. त्याच सुमारास दुष्काळाने परिस्थिती बिकट केली. रोजगार हमीच्या कामावर केवळ खडी फोडत बसण्यापेक्षा ज्या कामाने गावाचा दुष्काळ कायमचा हटेल असे काम द्यावे, ही मागणी तेथील 'मुक्ती संघर्ष' चळवळीने पुढे आणली. डॉ. भारत पाटणकर, डॉ. गेल ऑम्वेट, बलवडीचे संपतराव पवार अशी मंडळी ह्या कामात होती.

येरळा ही खटाव तालुक्यात उगम पावून खानापूर भागातून वाहत जाणारी व ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळणारी नदी. तिच्या पात्रातील वाळूचा लिलाव होऊन ती बाहेर जात असे. वाळू म्हणजे केवळ बांधकामाचा माल नव्हे. वाळूच्या थरात तिच्या आकारमानाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतके पाणी राहू शकते, आणि वर वाळूचे पांघरूण असल्याने उन्हाने त्याची वाफ फारशी होत नाही. वाळू गेली की नदीचे हे कोठार जाते व काठच्या विहिरी आटतात. गावाचे धन बाहेर जाते आणि गावास त्याचा मोबदलाही मिळत नाही, हे ओळखून ग्रामस्थांनी निराळा मार्ग सुचविला. वाळूची मर्यादित विक्री गावानेच करावी आणि त्या पैशातून येरळेवर गावाच्या मालकीचा बंधारा बांधावा, असा तो मार्ग होता. बलवडी व तांदुळवाडी ह्या गावांच्या ह्या बंधाऱ्यास 'बळीराजा स्मृती धरण' असे नाव मिळाले. १९८६ साली प्रत्यक्ष कामास आरंभ झाला. दात्ये ह्यांनी तांत्रिक साहाय्य केले व ग्रामस्थांनी श्रमदान केले. पाण्याच्या वाटणीचे तत्त्व बांधकामाबरोबरच ठरविण्यात आले. दोन्ही गावांतील भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबास पाण्याचा समान हक्क असावा आणि ह्या पाण्यावर ऊस घेऊ नये, असे ते तत्त्व होते.

दात्ये ह्यांच्या विचारात आणखी एक भाग होता व तो शेतीखात्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कुटुंबास धान्य, चारा, सरपण, जमिनीत घालावयाचा पालापाचोळा आणि थोडे रोख उत्पन्न देणारा माल, इतके सर्व मिळून वर्षाला किती वनस्पतिजन्य उत्पादन लागते हे आधी काढावे. तितके उत्पादन निघण्यास पावसाखेरीज किती जादा पाणी लागेल हे त्यावरून ठरवावे, आणि तेवढे पाणी प्रत्येक कुटुंबास हमखास मिळेल अशी रचना करावी. धरणात पाणी किती मावते येथून सुरुवात न करता कुटुंबास किती लागते येथून सुरुवात करावयाची, असा हा क्रम आहे.

एका गावाचा ताळेबंद

हा हिशोब अवघड आहे असे वाटण्याचे कारण नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १० हजार लिटर पाणी पडले. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तर कोणत्याही गावाचा ताळेबंद शाळेच्या फळ्यावर मांडता येतो.

उदाहरणादाखल १,००० हेक्टर क्षेत्राचे, १,५०० लोकवस्तीचे व १,००० मोठ्या जनावरांचे एक दुष्काळी गाव घेऊ. पाऊस ४५० मिलिमीटर धरला तर शिवारात वर्षाला ४५ लाख घनमीटर पाणी पडते. आकडा मोठा वाटतो. परंतु त्यातील बहुतेक पाणी वाफ होऊन जाते, पिके व गवत शोषून घेतात आणि काही ओढ्याने वाहून जाते. आपल्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात खडकात मुरणारे पाणी ढोबळ मानाने दहावा हिस्सा धरता येते. म्हणजे गावाच्या पेवात सुमारे साडेचार लाख घनमीटरांची भर पडते.

आता खर्चाची बाजू पाहू. दर माणशी दररोज ५५ लिटरप्रमाणे गावाच्या घरगुती वापरास वर्षाला सुमारे ३० हजार घनमीटर लागतील. दर जनावरास दररोज ५० लिटर धरल्यास आणखी सुमारे १८ हजार घनमीटर. हे वजा जाता चार लाख घनमीटर उरतात. पाटाने भिजविलेल्या उसास हेक्टरी २० हजार घनमीटर, किंबहुना त्याहून अधिक, पाणी लागते. म्हणजे अवघ्या २० हेक्टर उसाने हे सर्व पाणी संपते. हजार हेक्टरांच्या गावात २० हेक्टर म्हणजे शंभरात दोन वाटे! उलट रब्बी ज्वारीस प्रत्येकी साडेसात सेंटिमीटर खोलीच्या दोन संरक्षक पाळ्या दिल्या तर हेक्टरी १,५०० घनमीटर पुरतात, आणि तेवढ्याच पाण्यात सुमारे २६५ हेक्टर ज्वारी हाती लागते.

ह्या आकड्यांत गावागावांप्रमाणे फरक पडेल. मुरलेले सर्वच पाणी उपसता येत नाही व उपसूही नये. ओढ्याचे झरे जिवंत ठेवावयाचे तर काही शिल्लक राहिलेच पाहिजे. परंतु हिशोबाची दिशा बदलत नाही. दहा-बारा विहिरींवर बारमाही पीक उभे राहिले की बाकीच्या शंभर विहिरी जानेवारीत का आटतात, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या चार ओळींच्या बेरीज-वजाबाकीत आहे. विहीर आटली म्हणून विंधण विहीर घ्यावी, ती आटली म्हणून आणखी खोल जावे, ह्या शर्यतीत पेवात नवी भर पडत नाही. एकाच पेवाला तळाकडून दुसरे तोंड पाडल्यासारखे ते होते.

पाणी अडविण्याचे काम ह्या जिल्ह्यांनी निष्ठेने केले आहे. २०१६ साली 'सत्यमेव जयते वॉटर कप' ह्या स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने प्रथम क्रमांक मिळविला आणि २०१८ साली तो मान माण तालुक्यातील टाकेवाडीस लाभला. ग्रामस्थांनी श्रमदानाने सलग समतल चर खोदले, बांधबंदिस्ती केली. ह्या कामाने पेवात भर पडते. परंतु भर पडल्यानंतर ती कशी खर्च करावयाची, हे ठरले नाही तर पुढील दोन-तीन वर्षांत नवीन मोटारी बसतात आणि गाव पूर्वीच्याच जागी येते. अडविणे हे अर्धे काम झाले. ताळेबंद हे उरलेले अर्धे काम होय.

बाहेरून आलेल्या पाण्याचा हिशोब

गावाचे स्वतःचे पाणी पुरेसे नाही म्हणून कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेकडे नेण्याच्या योजना झाल्या. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू ही नावे सांगली जिल्ह्यात आता घरोघरी परिचित आहेत. हे पाणी सहजासहजी आलेले नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी ह्यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडी येथे तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. सांगोल्याचे गणपतराव देशमुख व डॉ. भारत पाटणकर ह्यांनी त्या कार्यात साथ दिली. पाणी आले पाहिजे, इतकेच मागणे ह्या परिषदांनी केले नाही. आलेले पाणी प्रत्येक कुटुंबास समन्यायाने वाटले पाहिजे, असेही त्यांनी आग्रहाने सांगितले. आटपाडी तालुक्यात उघड्या कालव्याऐवजी बंद नळांतून टेंभूचे पाणी देण्याची जी रचना पुढे आली, तीमागे हीच भूमिका आहे. बंद नळातून पाणी गळत नाही, त्याची वाफ होत नाही, आणि मुख्य म्हणजे ते मोजता येते. जे मोजता येते तेच वाटता येते.

कराडजवळ टेंभू येथे कृष्णेवर बंधारा घालून निघालेल्या योजनेच्या आराखड्यात २२ टी.एम.सी. पाणी आणि सुमारे ८० हजार हेक्टर लाभक्षेत्र धरलेले होते. एक टी.एम.सी. म्हणजे एक अब्ज घनफूट, अथवा २ कोटी ८३ लाख घनमीटर. भागाकार केला तर नदीवर उचललेले पाणी हेक्टरी पावणेआठ हजार घनमीटर पडते. वाटेतील घट त्यातूनच जावयाची. एवढे पाणी रब्बी ज्वारी, हरभरा, भुईमूग, डाळिंब, द्राक्षे किंवा चारापिके ह्यांच्या योग्य मेळास बरेच आहे. परंतु एका हेक्टरावर पाटपाण्याचा ऊस उभा केला तर तो अडीच हेक्टरांचा वाटा एकटा पितो. कालव्याच्या तोंडाशी एक हेक्टर ऊस वाढला की शेपटाकडील दीड हेक्टर कोरडे राहणार, हे गणित कोणत्याही आंदोलनाने वा अर्जाने बदलत नाही.

ह्या पाण्यास दुसरीही किंमत आहे, ती विजेची. एक घनमीटर पाणी ३०० मीटर उंच चढवावयाचे तर पंप व मोटार ह्यांतील घट धरून एक युनिटाहून अधिक वीज लागते. म्हणजे तेवढ्या उंचीवर एक हेक्टर ऊस पाटाने भिजवावयाचा तर २० हजारांहून अधिक युनिटे खर्ची पडतील. ह्या विजेचे बिल कोणी ना कोणी भरतोच. बिल थकले की पंप थांबतात, आणि पंप थांबले की उभे पीक वाळते. उपसा पाणी हे गुरुत्वाने आपोआप येणाऱ्या पाटाच्या पाण्याप्रमाणे मानता येत नाही. साधनसुरक्षेच्या विचारात पाणी व ऊर्जा ह्यांना वेगळे करू नये असे अभियंते सांगतात, त्याचे प्रत्यंतर आपल्या बांधावरच आहे. म्हणून उपसा पाणी हे गावातील पाण्याची जागा घेणारे नसून त्यास जोड देणारे आहे, असेच समजून वापरावे.

येथे शेतकरी बांधव एक रास्त प्रश्न विचारतात आणि प्रस्तुत लेखकास फिरतीवर तो अनेकदा ऐकावा लागतो. उसास कारखाना आहे, भाव ठरलेला आहे. ज्वारी-डाळिंबास तशी हमी कोठे आहे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पीक बदला असे सांगताना बाजाराची जोखीम शेतकऱ्याने एकट्याने उचलावी, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. परंतु ह्यावर एक मधला मार्ग आहे. पिकावर बंदी घालण्याऐवजी पाण्याचा वाटा घनमीटरांत ठरवावा व पीक ज्याचे त्याने निवडावे. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्यासाठी राज्याने २००५ साली जो अधिनियम केला, त्यात पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यावे असेच तत्त्व आहे. आपल्या वाट्याच्या पाण्यात ज्यास ऊस करावयाचा आहे त्याने तो ठिबकावर व वाट्यास पुरेल तेवढ्याच क्षेत्रात करावा. ठिबकाने उसाचे पाणी चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाचते. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस वाढविला तर बचत झाली असे म्हणता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अति पाण्याने गेलेली जमीन

पाणी कमी पडल्याने साधन नष्ट होते, तसे अति पाण्यानेही होते. वाळवा, पलूस, मिरज ह्या तालुक्यांत कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनींत वर्षानुवर्षे पाट भरून पाणी दिले गेले, निचऱ्याकडे दुर्लक्ष झाले आणि पुष्कळ क्षेत्र क्षारपड व पाणथळ बनले. एके काळी उसाचे विक्रमी उत्पन्न देणाऱ्या ह्या जमिनींवर पांढरा थर दिसतो व बियाणे उगवत नाही. अशा जमिनी सुधारण्यासाठी सच्छिद्र नळ्यांचा भूमिगत निचरा करावा लागतो. तो खर्चाचा असतो, आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून केल्यासच नीट साधतो. पूर्वेकडे नव्याने पाणी पोहोचत असता हा धडा अगत्याने ध्यानी घ्यावा. पश्चिमेच्या जमिनीस जे पाणी जास्त झाले, तेच पूर्वेच्या जमिनीस कमी पडत होते. दोन्हीकडील हानीचे मूळ एकच, पाणी न मोजता देणे.

गावाने काय करावे?

वरील विचार कृतीत आणण्यासाठी पुढील गोष्टी करणे इष्ट आहे.

१) गावात पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद शाळेत अथवा ग्रामपंचायतीत ठेवावी. दिवाळीच्या सुमारास, रब्बीचा हंगाम हाती असता, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग शेतीचे, हा क्रम सोडू नये.

२) गावातील आठ-दहा विहिरी निवडून त्यांची पाणीपातळी दर महिन्यास दोरीने मोजावी व फलकावर लिहावी. पातळी सर्वांस दिसू लागली की पुष्कळ वाद आपोआप मिटतात.

३) ताळेबंदात जेवढे पाणी असेल तेवढ्याच बारमाही पिकाचे क्षेत्र ठरवावे. कमी पावसाच्या वर्षी ते किती कमी करावयाचे, हेही चांगल्या वर्षीच ठरवून ठेवावे. टंचाईत ठरविलेला नियम भांडणाचे कारण होतो. सुबत्तेत ठरविलेला नियम टंचाईत उपयोगी पडतो.

४) रब्बी ज्वारीसाठी जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण निवडावा. हलक्या जमिनीस फुले अनुराधा किंवा फुले माऊली, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा आणि भारी जमिनीस फुले वसुधा हे राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे वाण योग्य आहेत. पेरणीपूर्वी शेतात लहान वाफे करून सप्टेंबरचा पाऊस जागच्या जागी मुरवावा. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करून भेगा बुजवाव्यात.

५) ज्वारीस एकच पाणी देता येत असेल तर ते पीक पोटरीत असताना, म्हणजे पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी द्यावे. दोन देता येत असतील तर पहिले २८ ते ३० दिवसांनी व दुसरे पोटरीत द्यावे. वेळेवर दिलेले एक पाणी अवेळी दिलेल्या दोहोंपेक्षा अधिक दाणा देते.

६) नवीन पाणी येण्यापूर्वीच, मग ते बंधाऱ्याचे असो वा उपसा योजनेचे, वाट्याचा ठराव करावा. त्यात भूमिहीनांचा विचार अवश्य व्हावा. ज्यास जमीन नाही त्यास पाण्याचा उपयोग काय, असे विचारले जाते. पाण्याचा हक्क असलेला भूमिहीन दुसऱ्याची पडीक जमीन वाट्याने कसू शकतो, चारा पिकवून दोन जनावरे राखू शकतो. दुष्काळात स्थलांतर करावे लागणारे पहिले कुटुंब त्याचेच असते. त्याची सुरक्षा झाली तर गावाची झाली.

७) ओढ्याच्या व नदीच्या पात्रातील वाळू हे पाण्याचे कोठार समजून तिचे रक्षण करावे.

शेतकरी बांधवांनी ह्या कामी तालुका कृषि अधिकारी व गावपातळीवरील कृषि कर्मचारी ह्यांचे साहाय्य घ्यावे. ताळेबंद मांडण्यास फार मोठ्या विद्येची गरज नाही. बेरीज, वजाबाकी आणि भागाकार एवढे येणारी सातवीतील मुलेही ते काम आवडीने करतात. गरज आहे ती ग्रामसभेत उभे राहून आकडा मोठ्याने वाचण्याची, आणि वाचलेला आकडा मान्य करण्याची.

धरणे बांधण्यास शासन आहे, पाणी उचलण्यास पंप आहेत, हिशोब शिकविण्यास अभियंते व विद्यापीठे आहेत. परंतु शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करून आपली मोटार वेळेवर बंद करणारा हात मात्र गावातूनच यावा लागतो. बलवडी-तांदुळवाडीच्या ग्रामस्थांनी धरणाच्या भिंतीबरोबरच पाण्याच्या वाटणीचा पाया घातला. येत्या पावसाचे पाणी गावात उतरण्याआधी प्रत्येक ग्रामसभेने तसाच ठराव आपल्या वहीत लिहून ठेवावा.